टीबीच्या रुग्णाने ऑटोफॅजीसाठी उपास करावा का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आईंचं वय 52, फुफ्फुसाचा टीबी, औषधं सुरू होऊन पाच आठवडे झाले. सुरुवातीला वजन 41 किलो होतं, आजही 41 च आहे. नातेवाइकांच्या गटात संदेश फिरतोय की 16 तास पोट रिकामं ठेवलं की ऑटोफॅजी सुरू होते, पेशी टीबीचे जंतू स्वतःच खाऊन टाकतात, आणि या शोधाला 2016 चं नोबेल मिळालंय. आई मुळातच एकादशी-संकष्टी न चुकवणाऱ्या. त्यामुळे हे ऐकून त्या श्रावणभर एकभुक्त राहायचं म्हणतायत. यात तथ्य आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी, आणि त्यांच्या पोटात ठाण मांडून बसणारे जंतू यांच्यावर गेली 18 वर्षं काम करते. औषधाबाबतचा शेवटचा शब्द आईंना तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. पण तुमच्या संदेशात ज्या प्रयोगांचा आधार घेतलाय, तसे प्रयोग मी स्वतः केलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी उत्तर: उपास करू नये. उपचार चालू असताना नाहीच, आणि वजन 41 वर अडलेलं असताना तर मुळीच नाही. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऑटोफॅजी नसून तो न हललेला काटा आहे. त्याबद्दल शेवटी लिहितेच.

संदेश पूर्ण खोटा नाही, आणि म्हणूनच तो पटतो. ऑटोफॅजी म्हणजे स्वभक्षण. पेशी आपल्यातलाच काही भाग एका दुपदरी पिशवीत गुंडाळते आणि ती पिशवी लायसोसोमला, म्हणजे पाचक रसांच्या कोठाराला जोडते. आतला माल पचतो, सुटे झालेले घटक पुन्हा वापरात येतात. हा शब्द क्रिस्तियाँ द ड्यूव्ह यांनी 1963 मध्ये रूढ केला. 2016 चं नोबेल योशिनोरी ओसुमी यांना मिळालं. त्यांनी यीस्टच्या अशा पेशी घेतल्या ज्यांच्यात पचवणारे विकर (एन्झाइम) नव्हते, त्यांना उपाशी ठेवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. न पचलेल्या पिशव्या काही तासांतच साठलेल्या दिसल्या. मग कोणती जनुकं बिघडली की या पिशव्या तयारच होत नाहीत, हे त्यांनी शोधून काढलं. 1993 च्या शोधनिबंधात अशी 15 जनुकं होती. नोबेल या यंत्रणेच्या शोधाला आहे. माणसाच्या उपासाचा आणि 16 तासांच्या आकड्याचा त्या कामाशी काही संबंध नाही.

टीबीचा धागा 2004 मधला. त्या वर्षी जपानमधल्या गटाने दाखवलं की घशाला संसर्ग करणारा स्ट्रेप्टोकोकस पेशीत शिरला तर ऑटोफॅजीच्या पिशव्या त्याला पकडून मारतात. त्याच वर्षी अमेरिकेत व्होयो डेरेटिक यांच्या गटाने मॅक्रोफेजमध्ये टीबीचा जंतू आणि बीसीजी, म्हणजे लशीतला त्याचा दुबळा जातभाई, वाढवले, त्या पेशींना उपाशी ठेवलं, आणि आतले जंतू कमी झाले. आमच्या क्षेत्राला त्या निबंधाने दिशा दिली. मी त्या काळात विद्यार्थिनी होते. तो वाचून मी विषय निवडला. म्हणजे ‘पेशी उपाशी ठेवली की टीबीचे जंतू मरतात’ हे वाक्य खरं आहे, पण एका विशिष्ट अर्थाने.

तो अर्थ कळायला प्रयोग जवळून पाहायला हवा. 24 खळग्यांची प्लास्टिकची थाळी असते. प्रत्येक खळग्याच्या तळाशी मॅक्रोफेज चिकटलेल्या. त्यांना बीसीजी खाऊ घालायचं, बाहेर उरलेले जंतू धुऊन काढायचे. मग एरवीचं पोषक द्रव काढून त्या जागी नुसतं क्षार आणि थोडं ग्लुकोज असलेलं गुलाबी द्रव घालायचं, ज्यात अमिनो आम्लं नाहीत. हीच ‘उपासमार’. किती वेळ? दोन तास, फार तर चार. मग पेशी फोडायच्या, द्रव दहापट-दहापट पातळ करत न्यायचा, आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, पसरायचा आणि 37 अंशांच्या उबवणपेटीत ठेवून तीन आठवडे वाट पाहायची. टीबीच्या जातकुळीचे जंतू फार सावकाश वाढतात. दुप्पट व्हायलाच दिवसभर लागतो. तीन आठवड्यांनी मलईच्या रंगाच्या, खरखरीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या दिसणाऱ्या वसाहती थाळीच्या पाठीमागून मार्करचा ठिपका देत मोजायच्या. दोन तास उपाशी ठेवलेल्या पेशींच्या थाळीत त्या खरंच कमी निघतात. मी मोजल्यात.

सुरुवातीच्या वर्षांत मला वाटलं, दोन तासांनी एवढा फरक, तर 24 तासांनी किती! लावला प्रयोग. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर निम्म्याहून जास्त मॅक्रोफेज गोल होऊन तळापासून सुटलेल्या, वरच्या द्रवात तरंगत होत्या. तीन आठवड्यांनी त्या वरच्या द्रवाच्या थाळीवर वसाहतींची दाटी. पेशी उपासाने मेल्या आणि जंतू जिवंत बाहेर पडले. तेव्हापासून कोणी ‘ऑटोफॅजी वाढवा’ म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो: कुठे, किती आणि किती वेळ?

आणि थाळीतल्या पेशीचा उपास म्हणजे माणसाचा उपास नव्हे. तुम्ही दिवसभर जेवला नाहीत तरी रक्तातली अमिनो आम्लं शून्यावर जात नाहीत. शरीर स्नायू मोडून ती पुरवत राहतं. 24 तास उपाशी ठेवलेल्या उंदराच्या यकृतात आणि स्नायूंत ऑटोफॅजी वाढलेली दिसते हे खरं, पण उंदीर इवलासा. तेवढ्या वेळात त्याचं वजनही लक्षणीय उतरतं. 41 किलोच्या बाईच्या अंगात मोडायला स्नायू उरलाय किती?

आता जो भाग मला सगळ्यात आवडतो आणि संदेशात जो पूर्ण गाळलाय, तो. भुकेची ऑटोफॅजी आणि जंतू पकडणारी ऑटोफॅजी यांची पिशवी बरीचशी तीच, पण बोलावणं वेगळं. भूक लागली की एमटॉर नावाचं नियंत्रक प्रथिन शांत होतं आणि पेशी हाताला लागेल ते पिशवीत भरते. तिला इंधन हवं असतं; समोर जंतू आहे की जुनं मायटोकॉन्ड्रिया (पेशीचं ऊर्जाकेंद्र), याच्याशी देणंघेणं नसतं. जंतू पकडायचा असेल तर आधी तो ओळखावा लागतो. साल्मोनेलाचं उदाहरण घ्या. तो पेशीत एका पडद्याच्या पिशवीत राहतो. त्या पडद्याच्या आतल्या बाजूला शर्करेच्या साखळ्या असतात, ज्या पेशीच्या मुख्य भागातून एरवी दिसत नाहीत. जंतूने पडदा फाडला की त्या उघड्या पडतात. घराच्या आतल्या खोलीचा रंग रस्त्यावरून दिसू लागला तर भिंत पडलीय हे जाणाऱ्या-येणाऱ्यालाही कळतं, तसंच. गॅलेक्टिन-8 नावाचं प्रथिन त्या शर्करांना चिकटतं, ते एनडीपी52 या दुसऱ्या प्रथिनाला बोलावतं, आणि एनडीपी52 एका हाताने ही जागा व दुसऱ्या हाताने ऑटोफॅजीची पिशवी धरून दोघांची गाठ घालून देतं. केंब्रिजच्या गटाने हे 2012 मध्ये दाखवलं. टीबीचा जंतूही ईएसएक्स-1 नावाच्या स्रावयंत्रणेने आपल्या पिशवीचा पडदा फाडतो, पेशीला त्याचा सुगावा लागतो आणि त्याच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण चढते. या सगळ्या साखळीत जेवण झालंय की नाही हा प्रश्न कुठेच येत नाही.

शिवाय जंतू हातावर हात ठेवून बसत नाहीत. लिजिओनेला रॅव्हझेड नावाचं प्रथिन पेशीत सोडतो; ते ऑटोफॅजीच्या पिशवीला चिकटलेलं एलसी3 हे प्रथिन असं कापतं की ते पुन्हा जोडताच येत नाही. शिगेला स्वतःच्या अंगावरची ओळख झाकून घेतो. गोचिडीमार्फत पसरणारा अ‍ॅनाप्लाझ्मा तर आणखी पुढे जातो: तो ऑटोफॅजी स्वतःच सुरू करवतो आणि त्यातून मिळणाऱ्या पोषणावर वाढतो. म्हणून ‘ऑटोफॅजी जितकी जास्त तितकं चांगलं’ हे सरसकट विधान आमच्या क्षेत्रात कोणी करत नाही.

टीबीत ऑटोफॅजीचं वजन नेमकं किती, यावरही बरीच वर्षं वाद चाललाय. 2015 मध्ये सेंट लुइसच्या गटाने ऑटोफॅजीची वेगवेगळी जनुकं काढलेले उंदीर घेतले आणि त्यांना टीबीचा संसर्ग केला. सगळ्यांना वाटत होतं उंदीर पटापट मरतील. त्यातलं एटीजी5 हे जनुक काढलेले उंदीर खरंच लवकर मेले, पण बाकीची जनुकं काढलेल्यांना फारसा फरक पडला नाही. एटीजी5 चं संरक्षणाचं काम ऑटोफॅजीपेक्षा वेगळंच, न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचा दाह आवरण्याशी जोडलेलं निघालं. त्या निबंधानंतर आमच्या प्रयोगशाळेतल्या बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नव्हतं. पुढे 2023 मध्ये दोन गटांनी पुन्हा दाखवलं की ऑटोफॅजीची काही जनुकं मॅक्रोफेजमध्ये जंतूला खरोखर आवर घालतात. त्यातला एक प्रयोग मानवी पेशींवर होता. एवढ्या वादातल्या गोष्टीवर कोणाच्या आईचा आहार ठरवू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठी, कारण तुमची बहीण एमएस्सीला आहे असं तुम्ही लिहिलंय. ‘अमुक केल्यावर एलसी3 वाढलं, म्हणजे ऑटोफॅजी वाढली’ असा निष्कर्ष कुठे वाचलात तर थांबा. गल्लीत कचऱ्याच्या पिशव्यांचा ढीग दिसला तर दोन अर्थ निघतात: घराघरांत सफाई जोरात चाललीय, किंवा घंटागाडीच आलेली नाही. पिशव्या मोजून हे कळत नाही. म्हणून आम्ही बॅफिलोमायसिन घालून लायसोसोमचं पचन मुद्दाम बंद करतो आणि तेवढ्या वेळात आणखी किती पिशव्या साठल्या ते पाहतो. ही पायरी गाळलेली असेल, तर दाव्याला फारसा अर्थ उरत नाही.

बरं, शरीरात संसर्ग झालेल्या मॅक्रोफेजला ऑटोफॅजी वाढवायला कोण सांगतं? एक मोठा संदेशवाहक म्हणजे इंटरफेरॉन गॅमा. तो टी-पेशींकडून, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींकडून येतो. आणि टी-पेशी कुपोषणात सगळ्यात आधी दुबळ्या होणाऱ्यांपैकी. 1996 मध्ये अमेरिकेत एका गटाने उंदरांना टीबीचा संसर्ग केला. काहींना 20 टक्के प्रथिनांचा आहार दिला, काहींना 2 टक्के. कमी प्रथिनं मिळालेल्या उंदरांत इंटरफेरॉन गॅमा कमी पडला, आजार झपाट्याने वाढला आणि ते लवकर मेले. त्यांना पुन्हा पूर्ण प्रथिनांचं खाणं दिलं तेव्हा ती घसरण उलटवता आली. संदेश लिहिणाऱ्याला भुकेचा आणि टीबीचा संबंध पाहायचाच होता, तर तो इथे होता. उपाशी पेशी दोन तास चांगली लढते. उपाशी प्राणी हरतो.

माणसांचा पुरावा आपल्याच देशातला आहे. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत राशन्स नावाचा अभ्यास झाला, निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. फुफ्फुसाच्या टीबीच्या 2,800 रुग्णांना औषधांबरोबर तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या असा शिधा दिला: रोज 1,200 किलोकॅलरी आणि 52 ग्रॅम प्रथिनं जादा. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन 5 टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. यावर एक शंका रास्त आहे: औषध लागू पडलं म्हणून वजन वाढलं, की वजन वाढलं म्हणून माणूस वाचला? या भागातून ते पूर्ण सुटं करता येत नाही. पण त्याच अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले होते, आणि ज्या घरांना जादा शिधा मिळाला तिथल्या माणसांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं. तिथे ही शंका टिकत नाही.

तुमच्या आईंसाठी 5 टक्के म्हणजे जेमतेम दोन किलो. दोन महिन्यांत दोन किलो. पाच आठवडे झाले आणि एक ग्रॅमही नाही. हे का, हे डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. मळमळीमुळे खाणं जात नसेल, मधुमेह असेल आणि तो आटोक्यात नसेल, गोळ्या अधूनमधून चुकत असतील, किंवा औषधाला जंतू दाद देत नसेल. प्रत्येकाचा इलाज वेगळा. भूक मेलीय, डोळे पिवळसर दिसतायत असं असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा; या गोळ्यांनी यकृताला त्रास होऊ शकतो आणि अशक्त माणसात तो धोका जास्त. लघवी केशरी होते ती मात्र रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे, त्याची भीती नको.

आईंना ऑटोफॅजीच हवी असेल तर एक दिलासा आहे, आणि तो त्यांना नक्की सांगा. 2012 मध्ये कोरियातल्या संशोधकांनी दाखवलं की आयसोनायझिड आणि पायराझिनामाइड यांनी उपचार केल्यावर संसर्ग झालेल्या पेशींत ऑटोफॅजी आपोआप चालू होते, आणि औषधाचा पूर्ण परिणाम व्हायला ती लागतेही. या दोन्ही गोळ्या त्या रोज घेतच आहेत.

उपासातला मला सगळ्यात जास्त भेडसावणारा धोका वेगळाच आहे: निर्जळी. पाणी नाही म्हणून गोळ्या नाहीत. असा एक-एक दिवस सुटत गेला की जंतूला औषधाशी जुळवून घ्यायला वाव मिळतो. ‘गोळ्या उपाशीपोटी घ्या’ या सूचनेचाही काही जण उपास असाच अर्थ लावतात. रिफाम्पिसिन रिकाम्या पोटी चांगलं शोषलं जातं म्हणून ते सकाळी घ्यायचं आणि साधारण तासाभराने पोटभर न्याहारी करायची, इतकाच त्याचा अर्थ. फार मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून आधी थोडं खाल्लेलं चालतं; गोळी चुकण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगते. धडधाकट माणसाने आठवड्यातून एक वेळ जेवण टाळलं तर माझं काही म्हणणं नाही. उपचार संपले, वजन भरून आलं, मग आईंनी पूर्वीसारख्या एकादश्या धरल्या तर तो त्यांचा आणि डॉक्टरांचा निर्णय. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र मनाने उपास कधीच नको, साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

राहिली श्रद्धा. माझी आजी पंढरीची वारकरी होती, त्यामुळे ‘उपास सोड’ हे वाक्य घरात किती जड असतं ते मला माहीत आहे. आईंना तोडून बोलू नका. आजारी माणसाला उपास माफ असतो हे आपल्याकडे मोठी माणसंच सांगत आली. त्यांच्या जागी तुम्ही सोमवार धरा. आमच्या घरी आजीच्या आजारपणात माझ्या काकाने धरले होते आणि ती समाधानाने जेवायची. तरीही त्या ऐकेनातच, तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे अक्षरशः अमलात आणा. फक्त साबुदाण्यावर भिस्त नको, तो जवळजवळ निव्वळ पिष्ट. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दूध, दही, पनीर, शेंगदाण्याचे लाडू, रताळं. दर दोन-तीन तासांनी काहीतरी. एरवी जेवणात डाळ-उसळ दोन्ही वेळा, आणि चालत असेल तर रोज दोन अंडी.

दोन कामं या आठवड्यात उरका. आईंच्या नावाने निक्षय पोषण योजनेचे पैसे खात्यात येतायत का ते पाहा. नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1,000 रुपये मिळतात आणि ते खाण्यासाठीच आहेत. आणि घरातल्या सगळ्यांनी, तुम्हीसुद्धा, टीबीची तपासणी करून घ्या; आजार नसेल तर प्रतिबंधक औषधाबद्दल तिथेच विचारा.

दर सोमवारी सकाळी, न्याहारीआधी, त्याच काट्यावर आईंचं वजन करा आणि उपचाराच्या कार्डाच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या तपासणीला तो कागद डॉक्टरांच्या समोर ठेवा.